मध्यवर्ती शहराचं पुनरुज्जीवन: पालिकेने काय द्यावं, विकासकाकडून काय लिहून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराचा जुना मध्यभाग रिकामा होत चालला आहे. कंपन्यांची कार्यालयं बाहेरच्या नव्या भागात गेली, तळमजल्यावरचे गाळे बंद आहेत, संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडतात. एका मोठ्या विकासकाने पालिकेपुढे प्रस्ताव ठेवला आहे: परिषद केंद्र, हॉटेल, मॉल आणि बहुमजली वाहनतळ, सगळं एकाच संकुलात. त्याच्या बदल्यात पालिकेने जमीन एकत्र करून द्यावी, रस्ते आणि गटारं करावीत आणि २० वर्षं मालमत्ता कर सोडावा. हे करावं का? आणि नाही, तर दुसरं काय करावं?

या स्वरूपात करू नये, असं माझं मत आहे. विकासक लबाड आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तो आपलं गणित सरळ मांडत असतो, पण ते त्याचं गणित असतं आणि पालिकेकडे स्वतःचं गणितच नसतं. मी पालिकांच्या वतीने वाटाघाटी केल्या आहेत आणि विकासकांच्या वतीनेही. दोन्हीकडून दिसलेली गोष्ट एकच: सार्वजनिक पैसा किती ओतला यापेक्षा तो कशावर, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटींवर दिला, यावर मध्यभाग उभा राहतो की नाही ते ठरतं.

आधी निदान करून घ्या. मध्यभाग रिकामा असण्याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. एक, तिथे यायला कुणालाच नको आहे. दोन, यायला लोक तयार आहेत, पण त्यांना जे भाडं परवडतं त्यात जुनी इमारत नीट करण्याचा खर्च निघत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, बंद शटर आणि धुळीच्या खिडक्या. फरक ओळखायला महागडा सल्लागार लागत नाही. ज्या थोड्या इमारती कुणीतरी दुरुस्त केल्या आहेत त्या भरलेल्या आहेत का? एखाद्या मालकाने वरचा मजला नीट करून घरं भाड्याने काढली तर ती लगेच जातात का? तळमजला चालू आणि वरचे तीन मजले कुलुपात, असं बऱ्याच ठिकाणी आहे का? उत्तरं होकारार्थी आली तर तुमचा आजार दुसऱ्या प्रकारचा आहे आणि त्यावर इलाज आहे. पहिल्या प्रकारात मात्र कितीही मोठी इमारत बांधली तरी ती रिकामीच राहते. तिथे आधी रस्ता, वाहतूक, सुरक्षितता आणि स्वच्छता यांवर खर्च करावा लागतो, आणि तो पालिकेलाच करावा लागतो.

दुसऱ्या प्रकारातलं गणित साधं आहे. इमारत घेऊन ती वापरण्याजोगी करायला १०० खर्च येतो. पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या भाड्यावरून बँक तिची किंमत ८० धरते. मधले २० कुणीच देत नाही, म्हणून इमारत वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. ही तफावत भरून काढणं हे सार्वजनिक पैशाचं काम. २० च्या जागी ३५ दिले तर वरचे १५ शहराच्या पदरात पडत नाहीत, ते कुणाच्या तरी नफ्यात जातात. म्हणून सवलत मागणाऱ्याकडून संपूर्ण हिशेब उघडा करून घ्यावा: जमीन कितीला धरली, बांधकामाचा दर काय, कर्जाचं व्याज किती, नफा किती टक्के. 'हे गोपनीय आहे' असं उत्तर आलं तर बैठक तिथेच संपवावी. खासगी पैशाने बांधणाऱ्याला गोपनीयतेचा पूर्ण हक्क आहे, पण सार्वजनिक पैसा मागणाऱ्याला नाही.

इथे एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. विकासकाच्या हिशेबात जमिनीची किंमत सगळ्यात शेवटी ठरते. तयार इमारतीच्या किमतीतून बांधकाम, व्याज आणि नफा वजा केला की जे उरतं ते तो जमिनीला देऊ शकतो. त्यामुळे करसवलत जाहीर झाली की दुसऱ्या दिवसापासून जमीनमालक भाव वाढवतात आणि सवलतीचा मोठा भाग जमिनीतच मुरतो. ज्याने २० वर्षं काहीही न करता भूखंड अडवून ठेवला, त्यालाच बक्षीस मिळतं. घोषणेआधी मोक्याच्या जागांवर ठरलेल्या भावाने खरेदीचा हक्क करारबद्ध करून ठेवावा, निदान आजच्या किमतींचं मूल्यांकन तरी अधिकृतपणे नोंदवून ठेवावं. पत्रकार परिषद नंतर.

आता एकाच मोठ्या संकुलाकडे येऊ. डेट्रॉइटचं रेनेसान्स सेंटर या बाबतीत सगळ्यांनी अभ्यासावं असं उदाहरण आहे. फोर्ड मोटर कंपनीचे प्रमुख हेन्री फोर्ड दुसरे यांच्या पुढाकाराने ते १९७७ मध्ये उघडलं: मधोमध ७३ मजल्यांचं हॉटेल, भोवती कार्यालयांचे मनोरे, सगळं चकचकीत. पण रस्त्याच्या बाजूने यंत्रसामग्रीसाठी काँक्रीटच्या उंच भिंती उभ्या होत्या. आत गेलेला माणूस आतच जेवायचा, आतच खरेदी करायचा आणि गाडीत बसून निघून जायचा. शिवाय नवे भाडेकरू आले कुठून? बरेचसे त्याच डाउनटाउनमधल्या जुन्या इमारतींतून. म्हणजे एक भाग उजळला आणि चार गल्ल्या अंधारात गेल्या. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये हे संकुल घेतलं आणि पुढे त्या भिंती पाडून ते रस्त्याशी जोडायला वेगळा खर्च करावा लागला.

बाल्टिमोरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तिथे यश खरंच मिळालं. बंदराच्या काठावरचं हार्बरप्लेस १९८० मध्ये उघडलं आणि जगभरच्या महापौरांनी तिथे चकरा मारल्या, आपल्याकडेही असंच हवं म्हणून. वर्षानुवर्षं ते चाललं. पण सगळे गाळे एका मालकाच्या हाती होते. नंतरच्या मालकाकडून ते सांभाळलं गेलं नाही तेव्हा शहराचा सर्वात मोक्याचा काठ एकदमच निस्तेज झाला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने मालमत्तेवर प्रशासक नेमला. पन्नास मालकांपैकी पाच बुडाले तर रस्ता चालू राहतो. एकच मालक असेल आणि तोच बुडाला तर काय करणार?

याच्या उलट न्यूयॉर्कचं बॅटरी पार्क सिटी. हडसन नदीत भराव टाकून सुमारे ३७ हेक्टर जमीन तयार केली होती. १९६९ ची मूळ योजना प्रचंड, एकमेकांना जोडलेल्या संकुलांची होती. भराव १९७६ मध्ये पूर्ण झाला, पण इमारती उभ्या राहीनात आणि प्रकल्प चालवणारं सरकारी प्राधिकरण कर्जरोखे फेडू शकेल की नाही अशी वेळ आली. १९७९ मध्ये अलेक्झांडर कूपर आणि स्टँटन एकस्टट यांनी आराखडा पुरता बदलला. मॅनहॅटनचे रस्तेच सरळ पुढे नेले, जमिनीचे लहान भूखंड पाडले, ते वेगवेगळ्या विकासकांना दिले आणि नदीकाठचा पदपथ व बागा सार्वजनिक पैशाने लवकर उभ्या केल्या. सार्वजनिक जागा डोळ्यांसमोर उभी राहिली की विकासकाला आपल्या भूखंडाची किंमत वेगळी पटवून द्यावी लागत नाही. आणि जमीन प्राधिकरणाने विकली नाही, दीर्घ भाडेपट्ट्याने दिली. भाडं आणि कराऐवजी येणारी रक्कम आजही सार्वजनिक तिजोरीत जाते.

म्हणून तुमच्या पालिकेने जमीन एकत्र केलीच, तर ती एकाच्या हाती देऊ नये आणि शक्यतो विकू नये. विकायचीच असेल तर हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीची पद्धत पाहावी. तिथे सुमारे १५७ हेक्टरचा जुना बंदरभाग शहराच्याच कंपनीमार्फत विकसित होतो आहे. निवडलेल्या विकासकाला भूखंड लगेच मिळत नाही. एक-दीड वर्ष तो फक्त त्याच्या नावे राखून ठेवला जातो. त्या काळात त्याने वास्तुरचनेची स्पर्धा घ्यायची, आराखडा पक्का करायचा, बांधकाम परवानगी मिळवायची. मग विक्री. काम रखडलं तर भूखंड शहराकडेच असतो. जमीन नावावर करून घ्यायची आणि भाव चढायची वाट बघत बसायचं, हा खेळ या एका अटीने बंद होतो.

सक्तीच्या भूसंपादनाबद्दल माझं मत कडक आहे. रस्त्यासाठी, पुलासाठी, ड्रेनेजसाठी घ्या. एका खासगी मालकाकडून काढून दुसऱ्या खासगी मालकाला देण्यासाठी घेऊ नका, कायदा परवानगी देत असला तरी. अमेरिकेत न्यू लंडन शहराने खासगी विकासासाठी लोकांची घरं सक्तीने घेण्यावरून झालेल्या केलो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. घरं गेली, वस्ती सपाट झाली. जवळच आलेल्या फायझर या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रामुळे तिथे हॉटेल, घरं, कार्यालयं येणार होती. ती आली नाहीत. फायझरनेही २००९ मध्ये तिथून निघण्याची घोषणा केली आणि घेतलेली जमीन वर्षानुवर्षं रिकामी राहिली. न्यायालयात जिंकूनही शहर हरलं.

पैसा कुठून आणायचा? करसवलतीपेक्षा कराच्या उत्पन्नात पुढे होणाऱ्या वाढीवर आधारलेली पद्धत जास्त शिस्तीची आहे, पण तीही दुधारी आहे. एक हद्द आखायची, तिथला आजचा मालमत्ता कर आधारभूत धरायचा आणि पुढच्या २०-२५ वर्षांत त्यावर जी वाढ होईल ती वेगळ्या खात्यात जमा करून त्याच भागाच्या कामांवर खर्च करायची. कॅलिफोर्नियाने १९५२ मध्ये ही सुरुवात केली. तर्क पटणारा आहे: विकासामुळे जे वाढलं तेच विकासावर लावलं. पण कर काहीही न करता, नुसत्या महागाईनेही वाढतो. तो वाढीव पैसाही त्याच खात्यात अडकतो आणि शाळा, रुग्णालयं, अग्निशमन यांच्या वाट्याला कमी येतं. कॅलिफोर्नियात अशा सुमारे ४०० संस्था झाल्या आणि राज्यातल्या मालमत्ता कराचा सुमारे १२ टक्के भाग त्यांच्याकडे वळू लागला. शेवटी राज्याने २०१२ मध्ये त्या सगळ्याच बंद केल्या. तुम्ही ही पद्धत घेणार असाल तर हद्द लहान ठेवा, मुदत कायद्यातच लिहा आणि नैसर्गिक वाढीचा वाटा सर्वसाधारण तिजोरीतच राहू द्या.

मला स्वतःला ओक्लाहोमा सिटीची पद्धत अधिक आवडते. युनायटेड एअरलाइन्सच्या देखभाल केंद्रासाठी या शहराने भरघोस सवलती देऊ केल्या होत्या, तरी १९९१ मध्ये कंपनीने इंडियानापोलिस निवडलं. महापौर रॉन नॉरिक यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की कंपन्यांना सवलती देण्यापेक्षा शहर राहण्याजोगं करण्यावर पैसा घालावा. डिसेंबर १९९३ मध्ये नागरिकांनी मतदानाने विक्रीकरात एक टक्का वाढ मंजूर केली, पाच वर्षांसाठी. त्यातून नऊ प्रकल्प ठरले: बेसबॉल मैदान, ब्रिकटाउनमधला कालवा, ग्रंथालय, नदीत पाणी अडवण्याची कामं वगैरे. पैसा जमेल तसं बांधायचं, कर्ज काढायचं नाही, आणि देखरेख नागरिकांच्या मंडळाकडे. काम अपुरं पडलं तेव्हा सहा महिन्यांच्या मुदतवाढीसाठी पुन्हा मतदान घेतलं. कालव्याकाठची जुनी विटांची गोदामं मालकांनी आपापल्या पैशाने उघडली. आता कुणी म्हणेल, त्यातही मैदान होतंच की. होतं, पण नऊपैकी एक. मैदानामुळे शहराची अर्थव्यवस्था वाढते हा दावा बहुतेक अर्थतज्ज्ञ नाकारतात, आणि अर्थतज्ज्ञांचं इतकं एकमत क्वचितच दिसतं. परिषद केंद्राचंही तसंच. वर्षातले मोजके दिवस गजबजतं, उरलेले दिवस रस्त्याला पाठ करून उभं राहतं.

संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस का पडतात, याचं उत्तर सोपं आहे: तिथे कुणी राहत नाही. त्यामुळे मी पहिला सार्वजनिक पैसा घरांवर लावीन, त्यातही रिकाम्या कार्यालयांचं घरांत रूपांतर करण्यावर. मेलबर्नने १९९२ मध्ये 'पोस्टकोड ३०००' हा कार्यक्रम सुरू केला तेव्हा मध्यवर्ती भागात जेमतेम काहीशे घरं होती. परवानग्या सोप्या केल्या, शुल्कात सूट दिली, रस्ते सुधारले. दहा वर्षांत घरांची संख्या हजारांत गेली. लोअर मॅनहॅटनने १९९५ मध्ये रूपांतरासाठी करसवलत आणली. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये जुन्या इमारतींच्या फेरवापराचा नियम केला, आणि त्याचं मर्म पैशात नव्हतं. पार्किंगची नवी सक्ती नाही, नव्या इमारतींचे घनतेचे निकष जुन्या इमारतीला लावायचे नाहीत, एवढं केलं आणि दशकानुदशकं बंद असलेल्या बँकांच्या इमारतींत माणसं राहायला आली. पालिकेचा यात खर्च जवळपास शून्य. तुमच्याकडे कोणता नियम आड येतो हे शोधायला एका आर्किटेक्टला आणि एका परवानगी अधिकाऱ्याला दोन इमारती फिरवून आणा.

प्रत्येक इमारत मात्र चालत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या इमारती सोप्या, कारण त्या काळी वातानुकूलन आणि ट्यूबलाइट सर्रास नव्हते, प्रत्येक टेबलाला खिडकीचा उजेड लागायचा. मजले अरुंद, खिडक्या उघडणाऱ्या. १९७० नंतरचे मजले फार खोल. खिडकीपासून लिफ्टच्या गाभ्यापर्यंत १४-१५ मीटर अंतर असेल तर मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात काय करणार? शयनगृह तिथे होत नाही. मग मधोमध चौक कापावा लागतो आणि खर्च भडकतो. दुसरी अडचण पाण्याची: कार्यालयाच्या मजल्यावर स्वच्छतागृहं एकाच ठिकाणी असतात, घरांना वीस ठिकाणी नळ आणि सांडपाण्याची वाट लागते. योजना आखण्याआधी मध्यभागातल्या इमारतींची यादी करून त्यांचे तीन गट करा: सोप्या, अवघड, अशक्य. अशक्य गटावर पैसा घालू नका.

कॅल्गरीने २०२१ मध्ये हे काम नीट केलं. तेलाचे भाव पडल्यावर तिथल्या डाउनटाउनमधली जवळपास एक तृतीयांश कार्यालयीन जागा रिकामी होती. शहराने रूपांतरासाठी प्रति चौरस फूट ७५ कॅनेडियन डॉलर असं थेट अनुदान जाहीर केलं. दर आधीच माहीत, त्यामुळे प्रत्येकाशी वेगळी घासाघीस नाही. आणि पैसे मिळतात ते काम पूर्ण झाल्यावर. बांधलं नाही तर शहराचा एक सेंटही गेला नाही.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. वाहनबंदी करून पादचारी पथ केला की गर्दी आपोआप होते, हा गैरसमज आहे. कोपनहेगनचा स्ट्रोगेट १९६२ पासून चालतो, कारण भोवती राहणारे लोक आहेत आणि चालत, सायकलने तिथे पोहोचता येतं. अमेरिकेतला पहिला असा पथ कॅलामाझूत १९५९ मध्ये झाला. तिथल्या काही भागावर १९९८ मध्ये गाड्या परत आणल्या. शिकागोने स्टेट स्ट्रीटवर १९७९ मध्ये केलेला बदल १९९६ मध्ये उलटवला. लोक आधी, फरशी नंतर. पार्किंगच्या बाबतीत कॅलिफोर्नियातलं ओल्ड पॅसाडिना पाहण्यासारखं आहे. १९९३ मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला मीटर लावायचं ठरलं तेव्हा दुकानदारांचा विरोध होता. मीटरचं उत्पन्न त्याच भागातल्या पदपथांवर, दिव्यांवर आणि झाडांवर खर्च होईल असं ठरलं आणि विरोध मावळला. बहुमजली वाहनतळावर कोट्यवधी घालण्याआधी रस्त्यावरची फुकट पार्किंग बंद करून बघा. रिकाम्या जागा निघतात.

रोजच्या झाडलोटीचा प्रश्न उद्घाटनानंतर सुरू होतो. टोरंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये १९७० पासून दुकानदार आपल्याच भागासाठी सक्तीचा जादा अधिभार देतात आणि त्यातून स्वच्छता, दिवे, सजावट पाहतात. सक्ती महत्त्वाची, कारण ऐच्छिक वर्गणीत निम्मे जण फुकटात फायदा घेतात. फक्त पालिकेने आपली नेहमीची सेवा कमी करणार नाही, हे लेखी दिलं पाहिजे. नाहीतर दुकानदार एकाच कामाचे दोनदा पैसे देतात.

आता करार. विकासक आला तर त्याला परत पाठवू नका. परिषद केंद्र बाजूला ठेवा आणि त्याला दोन-तीन भूखंड भाडेपट्ट्याने द्या, घरं आणि तळमजल्यावर दुकानं या अटीवर. मदत टप्प्याटप्प्याने: पाया झाल्यावर काही नाही, वापर परवाना मिळाल्यावर पहिला हप्ता. दुसरा भूखंड पहिला पूर्ण झाल्यावरच. ठरलेल्या तारखेला काम सुरू झालं नाही तर जमीन भरपाईविना परत. अंदाजापेक्षा जास्त नफा झाला, किंवा दहा वर्षांच्या आत इमारत विकली, तर जादा रकमेत पालिकेचा वाटा. रस्त्याकडच्या बाजूला सलग भिंत किंवा वाहनतळाचं दार नको, ठरावीक अंतराने दुकानाचं दार हवंच. हे आराखड्यात नव्हे, करारात लिहा, कारण आराखडे बदलतात.

आणि एक कलम सध्याच्या गाळेधारकांसाठी. रस्ता खोदला की वर्षभर गिऱ्हाईक तुटतं. जे दुकान वाईट काळातही तग धरून राहिलं, ते नेमकं सुधारणेच्या वर्षात बंद पडतं. खोदाई एका वेळी एकाच गल्लीत, एका बाजूचा पदपथ कायम खुला, काम लांबलं तर ठेकेदाराच्या बिलातून गाळेधारकांना दररोज ठरावीक रक्कम, आणि नव्या इमारतीतले काही लहान गाळे पहिली पाच वर्षं जुन्या भाड्यावर त्यांच्यासाठी राखीव. एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ असते. विकासक या कलमावर वाटाघाटीच्या शेवटच्या दिवशी हरकत घेईल, सगळे थकलेले असताना. म्हणून ते पहिल्याच बैठकीत, पहिल्या पानावर घाला.